किल्लीसह गैरहजर

वीस वर्षं मी एका कार्यालयात हजेरीपट सांभाळतो. बेचाळीस माणसं सकाळी किती वाजता आली, दुपारी किती वाजता गेली आणि मधल्या वेळात आपण इथेच होतो असा किती जणांचा समज आहे, हे सगळं माझ्याकडे नोंदलेलं असतं. आमचं कार्यालय साडेसातला भरतं आणि साडेतीनला सुटतं. साडेसातच्या ठोक्याला मी हजेरीपटावर लाल रेघ ओढतो. रेघेच्या वर सही करतो तो कर्मचारी, खाली करतो तो आरोपी. पूर्वी दहा मिनिटांची सवलत होती. ती मी बंद करवली. या कामगिरीबद्दल मला 'लाल शाई' असं नाव पडलं आहे, आणि ते माझ्या पाठीमागे कोण किती वेळा घेतं याचाही मला अंदाज आहे.

खोट्या कारणांचा माझा अभ्यास दांडगा आहे. एकाच गृहस्थाची एकच आजी तीनदा वारल्याचं मी पकडलं होतं. चौथ्या खेपेला ती आजी स्वतः त्याचा डबा घेऊन कार्यालयात आली, तेव्हा मी तिला खुर्ची दिली आणि नातवाला मेमो दिला. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जे घडलं त्यात माझी जी अब्रू गेली, ती मुळात किती होती हे वाचकाला कळावं, एवढ्यासाठीच सांगतो.

एका रविवारी सकाळी मी माझी फूटपट्टी शोधत होतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला, छोटीला, माझी फूटपट्टी पळवायची सवय आहे. तिच्या दप्तरात पट्टी सापडली आणि पट्टीखाली एक वही. वहीत उभ्या-आडव्या रेघा अशा सरळ आखलेल्या, की माझा ऊर भरून आला. तारीख, काय होतं, येतो म्हणाला का, आला (वेळ), गेला (वेळ), शेरा. असे सहा रकाने आखायला आमच्या कार्यालयात पदवीधरांना जमत नाही. मग मी कव्हरवरचं नाव वाचलं. 'बाबा' असं लिहिलं होतं.

पहिली नोंद चित्रांच्या प्रदर्शनाची. येतो म्हणाला: हो. आला: नाही. शेरा: महिनाअखेर. दुसरी तिच्या वाढदिवसाची. आला: सात वाजता. शेरा: केक कापून झाला होता, भांडी घासायला मदत केली. तिसरी शाळेच्या सहलीला सोडायला जाण्याची. शेरा: हजर, पण फोनवर. अर्धा दिवस. पुढे एका ठिकाणी नुसतंच 'कारण पटलं नाही' असं होतं. हे वाक्य मी आयुष्यात हजारदा लिहिलं असेल. दुसऱ्याच्या अक्षरात वाचायची वेळ पहिल्यांदाच आली.

शेवटच्या पानावर एकाखाली एक तीन नोंदी होत्या. पोहण्याची परीक्षा, पहिली: आला नाही, तपासणी होती. दुसरी: आला नाही, तपासणीची तपासणी होती. तिसरी: आला, चार वाजून दहा मिनिटांनी. शेरा: मी टॉवेलमध्ये होते.

"ही वही तू पाहिली होतीस?" मी बायकोला विचारलं.

"पाहिली म्हणजे? रेघा मारायला पट्टी मीच दिली. अहो, तुमचीच पोरगी आहे. रडत बसायची नाही, नोंद करायची."

"पण तिसऱ्या वेळेला मी गेलो होतो. दहाच तर मिनिटं…"

वाक्य मी तिथेच थांबवलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, आणि ते मला पुरलं.

परीक्षेची भानगड अशी होती. छोटीची शाळा मुलांना सार्वजनिक तलावावर पोहायला नेते. उथळ गटाला पिवळी टोपी, खोल गटाला निळी. निळी टोपी हवी तर खोल भागात दोरीला हात न लावता एक फेरी पूर्ण करायची, आणि त्या वेळी समोरच्या टोकाला जमिनीवर रंगवलेल्या पांढऱ्या गोलात पालकानं उभं राहायचं. पालक नसेल तर परीक्षा नाही. पोहणं शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं, मूल श्वास घ्यायला डोकं वर काढतं तेव्हा त्याला समोर ओळखीचं माणूस दिसलं पाहिजे. वर एक पोटनियम होता: ज्या पालकाची अर्जावर सही, तोच गोलात. अर्ज घरी आला तेव्हा सही करायला सर्वांत पुढे कोण होतं, हे सांगायला नको. शिवाय बायको शिकवते ती शाळा दुपारची, त्यामुळे ती तशीही मोकळी नव्हती. परिणामी छोटीच्या वर्गातल्या सगळ्या मुली निळ्या टोपीत गेल्या आणि ती पाच-सहा वर्षांच्या चिमुरड्यांच्या रांगेत, सगळ्यांपेक्षा दीड हात उंच, पिवळी टोपी घालून उभी राहायची. चौथी आणि शेवटची परीक्षा येत्या गुरुवारी चारला होती. ती हुकली की आणखी एक वर्ष चिमुरड्यांत.

"गुरुवारी मी येणार," मी छोटीला सांगितलं.

तिनं वही उघडली, 'येतो म्हणाला' च्या खाली 'हो' लिहिलं आणि वही मिटली. चेहऱ्यावर काही नाही. एवढ्या कोरड्या चेहऱ्यानं मीसुद्धा कधी नोंद केलेली नाही.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज घेतला. कार्यालय साडेतीनला सुटत असलं, तरी हजेरीचा मेळ घालून मला निघायला पाच वाजतात, म्हणून रजा हवी. अर्ज मीच तयार केलेला आहे, सहा वर्षांपूर्वी. त्यात कारणांसाठी चौकटी आहेत: आजार, लग्न, मृत्यू, न्यायालय. मूल ही चौकट नाही. खाली 'रजा शिल्लक असल्याची खात्री केली' असं म्हणून हजेरी-लेखनिकाची सही लागते. हजेरी-लेखनिक मी. आणि स्वतःच्या अर्जावर स्वतः खात्री करता येणार नाही, हे परिपत्रकही माझंच. अर्ज हातात घेऊन मी स्वतःच्याच टेबलासमोर उभा राहिलो. पलीकडे कोणी नव्हतं, म्हणून बरं.

सगळं कार्यालय काम टाकून मजा बघत होतं. रोखपाल म्हणाला, "आजी वारली म्हणून लिहा की." मागून कोणीतरी म्हणालं, "एक मोकळी आहे, तीनदा वापरलेली."

शेवटी आमचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते पुढे झाले. "परिपत्रकाच्या मागच्या पानावर आहे. लेखनिक स्वतःच अर्जदार असेल तर सर्वांत जुन्या कर्मचाऱ्यानं खात्री करावी. सर्वांत जुना मी. अठ्ठावीस वर्षं झाली."

मामा माझ्या खुर्चीत बसले. रजिस्टर उघडलं. पानं उलटायला जीभ न लावता बोट ओलं करायचा स्पंज वापरला, जो वापरायला मीच त्यांना कायम बंदी केली होती.

"दोनशे अकरा रजा शिल्लक," ते म्हणाले. "लोणचं घालणार आहात?"

"मामा, सही करा."

"कारण?"

"पोहण्याची परीक्षा."

"तुमची?"

"मुलीची!"

मामांनी पेन थांबवलं. "माझ्या मुलीच्या शाळेत नाटक होतं तेव्हा मी अर्ज केला होता. अकरा वर्षं झाली त्याला. तुम्ही लिहिलं होतं, कारण पुरेसं नाही." हे ते अजिबात तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत, जुनी फाइल कुठे ठेवली आहे ते सांगावं तसं बोलले. "झाड झाली होती ती. काम सोपं होतं, नुसतं हलायचं नव्हतं."

मामांनी अर्जावर पेनानं पाचवी चौकट आखली, तिच्यापुढे 'मूल' असं लिहिलं, बरोबरची खूण केली आणि सही ठोकली. रेघ थोडी वाकडी आली होती. मी पट्टी पुढे केली नाही.

आता तलावाचा पास. तलावावरच्या खिडकीत एक कारकून होता आणि त्याला पाहताच मी ओळखलं, हा आपल्या जातकुळीचा. डोळे वर न उचलता तो म्हणाला, "गोलात उभं राहायचं? म्हणजे ओल्या भागात प्रवेश. पोहण्याचा पोशाख, टोपी, डॉक्टरचा दाखला, आणि टोपीतला फोटो. चष्म्याशिवाय."

"मला पोहायचं नाही. उभं राहायचंय."

"पाय घसरला तर पोहावं लागेल."

"मला पोहता येत नाही."

"ते दाखल्यात लिहून आणा."

"चष्मा काढला तर मला चार हातांपलीकडचं दिसत नाही हो!"

"काठावर काच चालत नाही," तो म्हणाला, आणि इतक्या समाधानानं म्हणाला की मला रागाच्या ऐवजी घरची आठवण झाली.

डॉक्टरांनी छाती तपासली, गुडघे ठोकले आणि 'सदर इसम उभा राहण्यास सक्षम आहे' असा दाखला दिला. आमच्या आळीत हे तासाभरात पसरलं. समोरच्या शिलाईवाल्या वहिनी छत्रीच्या कारखान्यासाठी शिवतात. त्यांनी गॅलरीतूनच माझ्या कमरेचा अंदाज घेतला.

"विकतची चड्डी कशाला? पाण्याला छत्रीच्या कापडासारखं कापड नाही. एका बैठकीत शिवते."

"वहिनी, मी पाण्यात उतरणारच नाहीये."

"उतरू नका हो. पण पाणी उडेल ना तुमच्यावर?"

काळीभोर, गुडघ्यापर्यंत लांब अशी ती चड्डी रात्रीच्या जेवणाआधी घरी हजर झाली. ती घालून पहिलं पाऊल टाकलं, तेव्हा कोणीतरी घरात छत्री उघडली असं वाटून बायकोनं मागे वळून पाहिलं. दोन पावलं टाकली की दोन छत्र्या. छोटी वहीतून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, तू गोलात उभाच राहा. चालू नकोस."

वरच्या मजल्यावर गणिताचे एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांना कुठलाही प्रश्न दिसला की ते कागद मागतात. कार्यालयापासून तलावापर्यंतचं अंतर, बसची वाट पाहणं, वाटेतले तीन सिग्नल, कपडे बदलायचा वेळ, सगळं मांडून त्यांनी उत्तर काढलं: दोन सत्तावीसला निघणे. "आणि सराव करा," ते म्हणाले. "उभं राहणं लोकांना वाटतं तितकं सोपं नाही. मी चाळीस वर्षं वर्गात उभा होतो."

म्हणून बुधवारी संध्याकाळी मी गच्चीवर खडूच्या गोलात, टोपी आणि छत्रीची चड्डी घालून, चष्म्याविना वीस मिनिटं उभा होतो. मास्तर घड्याळ धरून बसले होते. वारा आला की चड्डी फुगे, आणि शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी विचारी, "काय, उडताय का?" मला चेहरे दिसत नव्हते. एका परीनं ती सोय होती.

गुरुवार उजाडला. आपल्या मागे कार्यालय कोलमडू नये म्हणून मी हजेरीपटाच्या कपाटावर दोन पानी सूचना चिकटवली. अकरा कलमं. साडेतीनला कपाट उघडावे. हजेरीपट टेबलावर उजव्या बाजूस ठेवावा. सह्या ओळीने घ्याव्यात. ही सही केल्याशिवाय आमच्याकडे साहेब आणि त्यांच्या सोबतचा माणूस सोडून फाटकातून कोणाला बाहेर सोडत नाहीत, म्हणून मी प्रत्येक शक्यता लिहून काढली होती, अगदी पेनातली शाई संपल्यास काय करावे इथपर्यंत. आमच्या कार्यालयाच्या साहेबांनी ती वाचून शाबासकी दिली. दोन वाजून सत्तावीस मिनिटांनी मी बाहेर पडलो.

पहिलं कलम होतं: किल्ली घ्यावी. किल्ली गेली वीस वर्षं जिथे असते तिथेच होती, माझ्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात.

हे मला तेव्हा कळलं नाही. सिग्नल मास्तरांच्या हिशोबाबाहेर एकदाही गेले नाहीत, तलावावरच्या कारकुनानं पास उलटसुलट पाहून निराशेनं परत दिला, आणि चारला दहा कमी असताना मी कप्प्यात चष्मा आणि फोन ठेवून काठावर आलो. दोन छत्र्या, चार छत्र्या, सहा छत्र्या. बाईंनी हाताला धरून मला गोलात नेऊन उभं केलं. "मूल पाण्यात असेपर्यंत गोलाबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलंत तर परीक्षा रद्द."

"नाही टाकणार."

समोर सगळं निळं, धुरकट, आणि त्यात पिवळे ठिपके. त्यातला माझा ठिपका कोणता? सगळ्यांत उंच वाटला त्याला मी दोन्ही हात हलवले, "शाब्बास छोटी, घाबरू नकोस!" असं ओरडलो. ठिपका जवळ आला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी रखवालदार आहे. इथे ओरडायला मनाई आहे."

शिट्टी वाजली. पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. आणि त्याच वेळी कुंपणाच्या जाळीपलीकडून माझ्या ओळखीचा आवाज कडाडला.

"किल्ली! अहो, किल्ली कुठे आहे?"

साहेब. मामांच्या स्कूटरवर मागे बसून आले होते. माझा हात आपोआप गळ्याकडे गेला. मामा सोडून एक्केचाळीस माणसं फाटकाच्या आत, सुटायची वेळ होऊन अर्धा तास झालेला, आणि माझ्या फोनवर आलेले एकोणीस फोन कप्प्यात चष्म्याशेजारी. साहेब आत यायला निघाले, तर दारात कारकून आडवा. "टोपी?" साहेबांना गेल्या पंधरा वर्षांत कोणी अडवलं नव्हतं. "पास? दाखला?"

"मी साहेब आहे!"

"पोशाख तरी?"

जाळी माझ्यापासून दहा पावलांवर होती. दहा पावलं गेलो असतो तर किल्ली देऊन परत आलो असतो. अर्ध्या मिनिटाचं काम. मी आयुष्यभर असल्याच अर्ध्या मिनिटांसाठी उठत आलो आहे. त्या वहीतला एकेक शेरा त्यातूनच तयार झाला होता.

"साहेब," मी मान न वळवता ओरडलो, "मला हलता येत नाही!"

"काय झालं? लकवा?"

"परीक्षा आहे!"

एवढ्यात माझ्या कानाशी कोणीतरी खोकलं. मामा होते. डोक्यावर भाजीची प्लास्टिकची पिशवी कानापर्यंत ओढलेली. "नियमात 'डोकं झाकलेलं असावं' एवढंच आहे," ते म्हणाले. "मी पाटी वाचली. पास मागितला तर म्हटलं, तातडीचं सरकारी काम. तो एकदम उभाच राहिला."

त्यांनी माझ्या गळ्यातला दोरा हळूच डोक्यावरून काढला. किल्ली हातात आली, पण मामा गेले नाहीत.

"मामा, मला काही दिसत नाहीये. कुठे आहे ती?"

"तिसऱ्या पट्ट्यात. निम्म्यावर आलीय. बरी येतेय." मग म्हणाले, "थांबली."

"दोरी धरली?"

"नाही. पाय मारतेय जागच्या जागी. डोकं वर काढलंय. दमलीय."

"किल्ली!" जाळीपलीकडून साहेब.

"जरा दम धरा साहेब!" मामा ओरडले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच, असं नंतर सगळ्यांनी मला सांगितलं.

"मामा, काय करतेय?"

"दोरीकडे बघतेय."

मला वाटलं ओरडावं, हात हलवावेत, उडी मारावी. पोहता येत नाही ही गोष्ट त्या क्षणी अगदीच किरकोळ वाटत होती. एक पाय उचललाही असेन.

मामांनी माझ्या दंडाला हात लावला. "हलू नका. आता तुमच्याकडे बघतेय."

मी हललो नाही. समोर निळा धूर होता, त्यात मला एक केसही दिसत नव्हता. पण दिसायचं काम माझं नव्हतंच, तिचं होतं. मी त्या धुराकडे तोंड करून, पोट आत ओढून, छत्रीची चड्डी घालून, झाडासारखा उभा राहिलो.

"निघाली," मामा म्हणाले. मग म्हणाले, "आली, आली, आली…" आणि माझ्या पायांवर थंड पाणी उडालं. खाली वाकून पाहिलं, तर चार हातांच्या आत, अगदी स्पष्ट, काठाला धरलेले दोन छोटे हात आणि धापा टाकणारा चेहरा.

"बाबा," ती म्हणाली, "तुझी चड्डी फुगलीय."

मी मटकन गोलातच बसलो. मामा तोपर्यंत दाराशी पोहोचले होते, आणि जाता जाता डोक्यावरची पिशवी काढून त्यांनी डोळे पुसले की नुसताच घाम पुसला, ते चष्मा नसल्यानं मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलावर मेमो होता. 'किल्लीसह गैरहजर' हा शेरा मारून घेण्याचा मान आमच्या कार्यालयाच्या इतिहासात मला पहिल्यांदा मिळाला. बेचाळीस माणसांनी एकेक करून येऊन तो वाचला. रोखपालानं दोनदा. मी गुन्हा कबूल केला, किल्लीची दुसरी प्रत करून मामांच्या स्वाधीन केली आणि रजेच्या अर्जाचा नवा नमुना छापायला टाकला. त्यात पाचवी चौकट आहे. मामांनी आखली होती तशीच, थोडी वाकडी.

रविवारी सकाळी छोटीनं वही उघडली. निळी टोपी तिनं गुरुवारपासून काढलेली नव्हती, जेवतानाही नाही. नोंदी ती रविवारीच करते, आठवड्याच्या एकदम. मी पेपर वाचत असल्याचं दाखवत तिच्या मागे उभा राहिलो.

पोहण्याची परीक्षा, चौथी. येतो म्हणाला: हो. आला: तीन वाजून पन्नास मिनिटांनी. शेरा: हलला नाही.

'गेला' चा रकाना तिनं कोराच ठेवला होता. रिकामा रकाना दिसला की माझं बोट तिकडे वळतं. वीस वर्षांचा रोग आहे.

"हे राहिलं बघ," मी म्हणालो. "गेल्याची वेळ."

छोटीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नियम माहीत नसलेल्या नव्या कारकुनाकडे मी पाहतो ना, अगदी तसं.

"तू अजून गेला कुठं आहेस?" ती म्हणाली, आणि माझी फूटपट्टी पुढे ओढून पुढच्या आठवड्याच्या रेघा मारायला लागली.